चोचीपाशी बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या शेजारच्या औलिस रीकोनेनला गावात सगळे जिनेवाला म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे म्हणतात, आणि साठाव्या वाढदिवसाच्या केकवर तर बेकरीवाल्या बाईनं तेच लिहून पाठवलं होतं, कारण खरं नाव तिला ऐनवेळी आठवेना.

१९६८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गावामागच्या टेकडीवर स्कीची उडी मारायचा लाकडी बुरूज आहे. सतरा वर्षांचा औलिस त्यावर चढला, रांगेत उभा राहिला, त्याचं नाव पुकारलं गेलं. तो त्या उताराकडे बघत राहिला. मग त्यानं स्की खांद्यावर टाकल्या आणि आल्या जिन्यानं खाली उतरला. एकशे बारा पायऱ्या. खाली अख्खं कोर्पिलाम्पी गाव उभं होतं आणि कुणीतरी पायऱ्या मोठ्यानं मोजत होतं, म्हणून तर आकडा अजून सगळ्यांच्या तोंडात आहे. का उतरलास, असं विचारलं की औलिस एवढंच म्हणतो, "पाय नको म्हणाले."

बरं, माणूस भित्रा म्हणावा तर तसंही नाही. अडतीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला. उणे तीस असो नाहीतर रस्ता दिसू नये असं हिमवादळ, दूध कधी गोठ्यात पडून राहिलं नाही. तळ्याच्या बर्फात गाडीसकट खचलेली दोन माणसं त्यानं पोटावर सरपटत जाऊन बाहेर काढली. त्यातला एक रेयो हात्तुनेन, आमच्या गावसभेचा सेक्रेटरी. रेयो हे उपकार विसरलेला नाही. दरवर्षी न चुकता सांगतो, "जिनेवाल्यानं मला वाचवलं खरं, पण बर्फावर आडवी शिडी टाकून हं! पायऱ्यांशिवाय त्याला जमतच नाही."

तर झालं असं की गेल्या शरद ऋतूत पालिकेचा माणूस आला, बुरुजाच्या खांबात त्यानं पेन्सिल खुपसली, ती पार आरपार गेली, आणि एप्रिलमध्ये बुरूज पाडायचं ठरलं. गावाला वाईट वाटलं. गावसभेत रेयो म्हणाला, निरोपाची एक स्पर्धा झालीच पाहिजे. पण त्या बुरुजावर आता कावळासुद्धा विचार करून बसतो. तेव्हा उडी कॉम्प्युटरवर मारायची.

यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. हिवाळ्यात आमच्याकडे निवृत्त माणसं पत्ते खेळावेत तशी कॉम्प्युटरवर स्कीच्या उड्या मारतात. रेयोची मुलगी नकाशे काढायच्या कचेरीत कामाला आहे. तिनं आमचा बुरूज हुबेहूब त्या खेळात उभा केला. देवदार वृक्ष, पंचांची खोली, वाकडा झेंड्याचा खांबसुद्धा. नियम एकच: प्रत्येकानं स्वतःचा कॉम्प्युटर आणायचा. दुसऱ्याच्या स्कीवर कुणी उडी मारत नाही, तसंच हे. आणि निकालाची यादी, नाव आणि नावापुढे मीटर, चौकटीत घालून गावघराच्या भिंतीवर कायमची लावायची.

औलिसनं पहिलं नाव दिलं. तेव्हा कुणी हसलं नाही. तो बाहेर जाऊन बूट घालेपर्यंत सगळे थांबले, मग हसले.

त्याची बायको हिल्का मला कुंपणापाशी म्हणाली, "त्याला जिंकायचं नाहीये गं. फक्त नावापुढे आकडा हवाय. कितीही चालेल. तीन मीटर असला तरी चालेल."

आता औलिस कुठलीही गोष्ट करतो ती टँकर धुवावा तशी, खालून वरून नीट. त्यानं एक मोठा जुना कॉम्प्युटर आणला, आत पंखे निळे चमकणारा. शहरातली बँकेची शाखा बंद झाली तेव्हा तिथल्या सामानातून मॅनेजरची खुर्ची आणली, पाठ उंच, दांडी दाबली की भुस्स करून वरखाली होणारी. घराच्या टोकाच्या खोलीत सगळं मांडलं. पायात हिल्कानं केलेल्या लोकरीच्या सपाता, अंगात लोकरीची पँट. आणि सुरू केलं.

स्कीवाला उतारावरून सुटला. वेग आला. उताराच्या टोकाची जी कड असते, जिथून माणूस हवेत जातो, तिला आमच्याकडे चोच म्हणतात. स्कीवाला चोचीपाशी आला, औलिसनं बटण दाबलं, आणि फट्. पडदा काळा. पंखे थांबले. क्षणभरानं मशीन आपलं आपण पुन्हा सुरू झालं, जणू काही घडलंच नाही. आणि खेळानं लिहिलं: शून्य मीटर.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. कधी काळा होण्याआधी पडदा निमिषभर थिजायचा, आणि तो बिचारा स्कीवाला चोचीच्या अर्धी वीत पुढे, गुडघे अजून वाकलेलेच, असा हवेत लटकलेला दिसायचा. बाकी वेळी मशीन उत्तम. बातम्या वाचल्या, हवामान बघितलं, दूध संघाच्या जुन्या मंडळींना पत्रं लिहिली, काही नाही. फक्त उडीच्या वेळी.

ही बातमी हिल्कानं फक्त मला सांगितली. मी फक्त आमच्या ह्यांना सांगितली. दुपारी दुकानात रेयो मला म्हणाला, "ऐकलंस का? त्याचं मशीनसुद्धा जिन्यानं उतरतं म्हणे!"

औलिसनं शहरातून दुरुस्तीवाल्या तुओमोला बोलावलं. चाळिशीचा, उत्तरेकडून आलेला, सरळ बोलणारा माणूस. आमच्या सावो भागात सरळ बोलायची पद्धत नाही, त्यामुळे त्याला आधीच त्रास.

"बंद पडतं का?" त्यानं विचारलं.

"पडतं असंही म्हणता येईल," औलिस म्हणाला.

"रोज?"

"ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी मी लावलेलंच नसतं."

तुओमोनं मशीन उघडलं, धूळ फुंकली, ते उचलून दुकानात नेलं. आतली वीज पुरवणारी पेटी बदलली, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, दोन दिवस तापवून बघितलं. परत आणताना म्हणाला, "ठणठणीत आहे. मी स्वतः चाळीस उड्या मारल्या. एकदाही बंद पडलं नाही."

"तू मारल्यास."

"हो, मीच मारल्या."

"मग तुझ्या उडीला त्याची हरकत नसावी," औलिस म्हणाला.

तुओमोची गाडी गेटातून बाहेर पडायच्या आत मशीन पुन्हा बंद पडलं होतं.

तेव्हा औलिस माझ्याकडे आला. हातात वही. म्हणाला, "तू सावकाश बघतेस. विणता विणता बघ. जे दिसेल ते लिही." टँकरवर असताना तो रोजची नोंद ठेवायचा, तशाच त्यानं रेघा मारून आणल्या होत्या. वेळ. बाहेरचं तापमान. हिल्का काय करत होती. औलिसनं काय खाल्लं होतं. मी म्हटलं, खाण्याचा काय संबंध? तो म्हणाला, "संबंध नाही हे लिहिल्याशिवाय कसं कळणार?"

मग मी आठवडाभर रोज अकरा ते बारा त्या खोलीत लोकरीचे गुंडे घेऊन बसले. हिल्कानं रेडिओ बंद ठेवून बघितला. फ्रिज बंद ठेवला. भिंतीवरचं घड्याळ काढलं. एक दिवस औलिसनं मासे खाल्ले नाहीत, एक दिवस फक्त मासेच खाल्ले. वहीत सगळं आहे. फट्, फट्, फट्.

रेयोनं दुकानात निदान केलं, "मशीनला उंचीची भीती वाटते."

हे तो चेष्टेनं बोलला, पण औलिसनं घरी येऊन यावर विचार केला. टोकाची खोली माळ्याला लागून, उंचावर. त्याच्या जागेत सर्वांत खालची जागा कुठली? तळ्याकाठचा सौना, आमचं वाफ घ्यायचं न्हाणीघर. शनिवारी त्यानं मशीन घसरगाडीवर बांधून खाली नेलं आणि सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर मांडलं. शनिवार म्हणजे सौना तापलेला. दोघं नवराबायको वाफ घेऊन बाहेर आली, अंगाला टॉवेल गुंडाळले, आणि औलिस बाकावर बसून सहज खेळून बघू लागला.

स्कीवाला चोचीवरून गेला. हवेत पसरला. खाली उतरला. एकोणतीस मीटर.

हिल्का तशीच टॉवेलमध्ये, बर्फातून आमच्या दारात. "उडाला! उडाला!" आमच्या ह्यांना वाटलं, सौनाचा चुलाणा उडाला. ते बादली घेऊन धावले.

त्या शनिवारी औलिसनं सात उड्या मारल्या. रविवारी मशीन घरात आणलं: फट्. सोमवारी मुद्दाम सौना तापवला, मशीन पुन्हा खाली: उडी. आता या गोष्टीचा अर्थ आमच्या भागात एकच निघतो, आणि तो औलिसनं काढला.

"त्याला सौना लागतो," तो म्हणाला.

"लागणारच," हिल्का म्हणाली. "कुणाला लागत नाही?"

मीही मान हलवली, खोटं कशाला सांगू. सर्दी, पाठ, नवराबायकोतलं भांडण, सगळ्यावर आम्ही तेच करतो. मशीनला लागू पडू नये असं काही कारण मला त्या क्षणी सुचलं नाही.

औलिसनं आनंदानं तुओमोला फोन केला. त्यानं फोन कानापासून लांब धरला, इतका तुओमो ओरडत होता.

"कॉम्प्युटर वाफेत ठेवलास?"

"वाफेत नाही, वाफेनंतर. आम्हीसुद्धा वाफेनंतरच तिथे बसतो."

"आणि टॉवेल? टॉवेल दिलास ना त्याला?"

"हिल्का देत होती," औलिस म्हणाला, "पण पंख्यात अडकला असता."

अडचण अशी की गावघराजवळ सौना नाही. होता, तो सत्त्याऐंशीत जळला. म्हणून औलिसनं गावसभेकडे अर्ज केला: मशीनला घरी वाफ देऊन, गोधडीत गुंडाळून, थेट स्पर्धेला आणायची परवानगी मिळावी. त्यावर सभेत पाऊण तास चर्चा झाली. मी तिथे होते. दुकानदार म्हणाला, ही उत्तेजक घेण्यातलीच तऱ्हा आहे. शाळेच्या निवृत्त बाई म्हणाल्या, स्कीला मेण लावतात ते चालतं की नाही? रेयोनं नियमावली उलटीपालटी करून बघितली आणि निवाडा दिला, "वाफेबद्दल काही लिहिलेलं नाही. पण मशीननं खेळाडूपेक्षा जास्त वेळ सौनात बसू नये."

परवानगी मिळाली. आणि तुओमोनं ती हाणून पाडली. तो स्वतः गाडी काढून सांगायला आला. बाहेर उणे चोवीस. गरम ओलं मशीन त्या थंडीतून नेलं की आत पाण्याचे थेंब धरतील, आणि मग ते चोचीपाशी बंद पडणार नाही, जन्माचं बंद पडेल.

तो गेल्यावर औलिस बराच वेळ खिडकीतून बुरुजाकडे बघत उभा होता. स्पर्धा चार दिवसांवर. "नाव काढून घेतो," तो म्हणाला. "नावापुढे शून्य लिहिलेलं चौकटीत लावण्यापेक्षा नाव नसलेलं बरं." आणि तो लाकडं फोडायला गेला. लाकडं फोडलेली होती. त्यानं फोडलेलीच पुन्हा फोडली.

मी आणि हिल्का टोकाच्या खोलीत. मी माझे गुंडे आवरत होते. मशीन चालूच होतं, हवामानाचं पान उघडलेलं. हिल्का त्या मॅनेजरच्या खुर्चीत मटकन बसली आणि म्हणाली, "छप्पन्न वर्षं ऐकतेय गं मी ते नाव. लग्नात पाद्रीसुद्धा अडखळला होता. मला वाटलं होतं, निदान ह्या डबड्यात तरी..." तेवढ्यात स्वयंपाकघरात बटाटे उतू गेल्याचा चुर्र आवाज आला. हिल्का ताडकन उठली.

फट्.

पडदा काळा. खेळ तर चालूच नव्हता.

मी वही उघडली. मला मेलीला दिसेल ते लिहायची सवय, त्यामुळे रेघांबाहेरही लिहिलेलं होतं. मंगळवार: औलिस उठला, फट्. बुधवार: उठला, फट्. गुरुवार: औलिस उठताना माझी लोकर खुर्चीला चिकटली, फट्. पान पान तेच.

"हिल्का, परत बस."

"बटाटे अगं..."

"जळू देत बटाटे. बस. मशीन सुरू होऊ दे. हं, आता ऊठ."

फट्.

"अगं बाई!" हिल्का म्हणाली, आणि आपणहून पुन्हा बसली.

औलिस लाकडाचा भारा घेऊन आत आला तेव्हा घरात करपलेल्या बटाट्यांचा धूर, त्याची बायको खुर्चीत बसतेय उठतेय, बसतेय उठतेय, आणि मी लिहितेय. लाकडं खाली ठेवली आणि आधी गॅलरीचं दार उघडलं.

तुओमोला फोन लावला. या खेपेला तो ओरडला नाही. म्हणाला, "असं होतं म्हणून वाचलं होतं मी. खोटं वाटलं होतं. हिवाळ्यात घरातली हवा सुकी, अंगात लोकर, आणि त्या भुस्स खुर्चीवरून झटकन उठलं की बारीक ठिणगी उडते. डोळ्याला दिसतही नाही. पण मशीन दचकतं. सौनात हवा ओली होती आणि बसायला लाकडी बाक. म्हणून तिथे काही झालं नाही." मग त्यानं सोपा उपाय सांगितला, "खेळताना उठू नकोस."

"मी उठतच नाही," औलिस म्हणाला.

मी वही त्याच्यापुढे धरली. त्यानं पानं उलटली. मग खुर्चीकडे बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"बातम्या वाचून झाल्यावर तरी उठतोसच की," हिल्का म्हणाली.

"तेव्हा आधी बंद करतो. वीज जळते." त्यानं वही मिटली. "चोच आली की पाय आपले आपण उठतात वाटतं. मला कुणी विचारलं नाही."

त्यानं बसून राहायचा प्रयत्न केला. खरंच केला. हिल्का मागे उभी राहून दोन्ही खांद्यांवर भार देऊन दाबत होती. चोच आली आणि औलिस हिल्कासकट उठला. फट्. मग स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं. ठिणगीचा प्रश्न मिटला, पण तो इतक्या जोरात उठला की स्टूल मागे उडालं, भिंतीवर आपटलं आणि नेमकं पडलं ते मशीनच्या प्लगवर. फट्. अशीही फट् असते.

"मग बसूच नकोस," मी म्हटलं. "उभ्यानं मार."

उभ्यानं मारायची तर कीबोर्ड कमरेपर्यंत यायला हवा, आणि वाकून उठायचं तर तो वरखाली करता यायला हवा. माझ्या घरात अशी एकच वस्तू होती. मी जाऊन माझं इस्त्रीचं टेबल घेऊन आले. सहा उंच्यांवर लागतं. औलिसनं ते चौथ्या खाचेत लावलं, पुढे गुडघ्यात वाकला, हात मागे नेता नेता एक बोट बटणावर ठेवलं आणि म्हणाला, "हं." तीन दिवस तो तसाच सराव करत होता. आमचे हे तीन दिवस चुरगळलेल्या शर्टात फिरले.

शनिवारी दुपारी एक वाजता अख्खं गाव तळ्यावरून गावघराकडे निघालं. अकरा खेळाडू, सरासरी वय सत्तरच्या वर. प्रत्येकाच्या पुढे लाथेनं ढकलायची घसरगाडी, तिच्या खुर्चीवर नातवंडाला बसवावं तसा गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, पोटावरून पट्टा. शाळेच्या बाईंनी तर आपल्या कॉम्प्युटरला लोकरी टोपी घातली होती. औलिसच्या घसरगाडीवर कॉम्प्युटर आणि वर आडवं माझं इस्त्रीचं टेबल.

दारातच रेयो. "काय जिनेवाल्या, कपडे घेऊन आलास का इस्त्रीला?"

"असंही म्हणता येईल," औलिस म्हणाला आणि टेबल उघडलं.

रेयोनं पुन्हा नियमावली चाळली. इस्त्रीच्या टेबलाबद्दल काही नव्हतं.

एकेक जण उडी मारत गेला. मोठा पडदा भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. आमचाच बुरूज, आमचेच देवदार, फक्त हलणारे कावळे तेवढे नव्हते. रेयोनं अठ्ठावन्न मीटर मारली आणि उठून वाकून नमस्कार केला. शाळेच्या बाईंनी एकसष्ट मारली आणि विणकाम पुढे सुरू केलं. दुकानदाराचा स्कीवाला वर जाऊन बसला आणि नेमका तेव्हाच त्याच्या मशीननं जाहीर केलं की आता मी स्वतःला नवीन करून घेतो, तोवर मला बंद करू नका. बावीस मिनिटं आम्ही टक्के वाढताना बघत कॉफी प्यायलो. मग रेयोनं त्याला शून्य दिलं. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुला उधारीवर सॉसेज मिळणार नाही.

"औलिस रीकोनेन," रेयोनं पुकारलं. खरं नाव. यादीतून वाचत होता म्हणून असेल.

औलिस टेबलापाशी उभा राहिला, वाकला. भिंतीवर स्कीवाला वरच्या दांडीवर बसलेला. दिवा हिरवा झाला. आता तीस सेकंदांच्या आत सुटायचं, नाहीतर उडी बाद. बटण दाबलं की झालं.

त्यानं दाबलं नाही.

मशीन नीट चालू होतं. पंखे निळे फिरत होते. खुर्ची नव्हती, ठिणगी नव्हती. मला एकदम कळलं की इतके दिवस ते बंद पडत होतं तेव्हा हा निदान सुटत तरी होता, कारण पुढचं मशीनच निभावून नेत होतं. सौनातल्या आणि सरावाच्या उड्या बघायला गाव नव्हतं; आता अख्खं गाव बघत होतं, आणि निभावून न्यायला कुणी नव्हतं. अठरा सेकंद. औलिसचे गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. त्याची नजर बटणावरून सरकून पडद्याच्या डाव्या कडेला गेली. बुरुजाच्या त्या बाजूला. तो तिथे काय शोधत होता हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. कुणी हसलं नाही. रेयोसुद्धा.

बारा सेकंद.

"औलिस," हिल्का मागच्या बाकावरून म्हणाली, अगदी घरात मीठ मागावं तशा आवाजात, "त्यात जिना काढलेलाच नाहीये."

रेयोची मुलगी भिंतीपाशी उभी होती. ती लाल झाली. "मला वाटलं, उडी मारणाऱ्याला कशाला लागतो," ती पुटपुटली.

औलिसनं डावीकडे अजून एकदा बघितलं. खरंच नव्हता. बुरूज नुसताच वर गेलेला, उतरायला एकच वाट.

त्यानं बटण दाबलं.

स्कीवाला सुटला. उतार. वेग. चोच. आणि औलिस उठला. असा उठला, की इस्त्रीचं टेबल पुढे सरकलं, लोकरी सपातीतून त्याच्या टाचा वर आल्या, हात मागे, हनुवटी पुढे, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस गावघराच्या फळ्यांवर चवड्यांवर तोललेला. पडदा काळा झाला नाही. स्कीवाला हवेत होता, अजून हवेत, अजूनही. पहिल्या रांगेत बसलेली माणसं कधी उभी राहिली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

साडेत्रेचाळीस मीटर. अकरांत दहावा.

टाळ्या उशिरा आल्या, पण जाड आल्या, कारण अर्ध्या लोकांच्या हातात मोजे होते. औलिसनं गुडघा धरला आणि म्हणाला, "कुणीतरी मला सरळ करा." मी आणि हिल्कानं त्याला दोन्हीकडून धरून सरळ केलं. रेयो यादीवर लिहीत होता. औलिसच्या नावापुढे तो चार आणि तीन लिहून थांबला, चष्मा काढून पुसला, मग अर्धा लिहिला.

सोमवारी मी दुकानात मैदा आणायला गेले, तर रेयो आणि औलिस माशांच्या फ्रिजपाशी उभे.

उडी मारलेल्या माणसांना आमच्याकडे एक हक्क असतो. ते वाऱ्याबद्दल तक्रार करू शकतात. वारा समोरून उचलणारा असता, मागून खाली दाबणारा नसता, तर आपण किती लांब गेलो असतो हे गावातला प्रत्येक म्हातारा सांगतो, पन्नास वर्षं सांगतो, आणि बाकीचे ऐकून घेतात. औलिस आजवर असल्या गप्पांत कधी तोंड उघडत नसे. गुपचूप पैसे देऊन निघून जायचा.

"वारा मागून होता," औलिस म्हणत होता. "पडद्यावर बाण होता, तू बघितला नाहीस."

"बघितला. डावीकडून होता."

"मागून. आणि चोचीपाशी वाढला. माझे पाच मीटर खाल्ले त्यानं."

"पाच?" रेयो ओरडला. "त्या वाऱ्यानं? दोन म्हण!"

"पाच."

हिल्का गोठलेला मासा हातात धरून उभी होती. बोटं बधिर झाली असावीत, पण ती हलली नाही. मला हळूच म्हणाली, "तू जा गं, मैदा घे. हे आता चालायचं."

मी पैसे देऊन दारापर्यंत आले तरी दोघांचा आवाज येतच होता.

"तीन," रेयो म्हणत होता. "बरं, साडेतीन. चार! पण चारच्या वर मी एक इंच देणार नाही, औलिस, सांगून ठेवतो."